उभी गाडीच जास्त सडते : जुन्या गाड्यांबद्दल वाचकांची पत्रं

यावेळी पत्रं भरपूर आलीत आणि बहुतेक सगळी पावसानंतरची आहेत, म्हणजे गणपतीला गावी गेले, कव्हर काढलं आणि आत जे दिसलं ते लिहून पाठवलं. जागेत बसतील तेवढी घेतलीत. ज्यांची राहिली त्यांनी पहिलं पत्र नक्की वाचा, कारण निम्म्या पत्रांचं उत्तर त्यातच आहे.

प्रश्न : दादा, आमची १९९८ची मारुती ८०० राजापूरजवळ गावच्या घरी असते. बाबांनी घेतलेली. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले, आई एकटी असते, तिला चालवता येत नाही. आम्ही गणपती, शिमगा आणि मे महिन्यात जातो आणि दरवेळी तेच, बॅटरी डेड, मागची चाकं जाम, आत बुरशीचा वास. यावेळी मॅट उचललं तर खाली पाणी होतं. मेकॅनिक म्हणतो काढून टाका. मला काढायची नाहीये.
— वाचक, घाटकोपर

उत्तर : मग काढू नका. ८०० ही १९८३ ते २०१४ बनत होती, त्यामुळे तिचे पार्ट अजून तालुक्याच्या गावात मिळतात आणि ते ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन उघडलेला माणूस प्रत्येक बाजारपेठेत आहे. इंजिनची काळजी नका करू, काळजी पत्र्याची करा, कारण आपल्याकडे गाडी किलोमीटरने मरत नाही, ती उभी राहून मरते.

आधी ते पाणी कुठून आलं बघा. बॉनेट उघडा आणि काचेच्या खाली, वायपरच्या बुडाशी जी जाळी आहे तिथे बोट घाला. गाडी आंब्याखाली किंवा फणसाखाली असेल तर पानं तिथून आत जातात, कुजतात, त्यांची माती होते आणि पाणी जायची भोकं बुजतात, मग पाणी साठून सरळ केबिनमध्ये उतरतं. माझ्या स्वतःच्या झेनमध्ये तिथून दोन ओंजळी काळी माती निघालेली आणि त्यात गांडूळ होतं, म्हणजे किती वर्षं ती तशीच ओली होती विचार करा. ते साफ करा. मग दरवाज्यांच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, खराट्याचा एक हीर घ्या आणि प्रत्येक भोकात घालून बघा, बंद असतील तर दरवाजा आतून पाणी धरून बसतो आणि खालून सडतो. पुढच्या काचेचं रबर कडक होऊन फाटलंय का तेही बघा.

मॅटच्या खाली जो जाड नमदा असतो तो स्पंजसारखा असतो, वरून सुकला तरी खाली महिनोन्महिने ओला राहतो. तो पूर्ण बाहेर काढून दोन दिवस कडक उन्हात टाका. जमिनीच्या पत्र्यात रबराची बुचं असतात ती काढा, पाणी जाऊ दे, आणि मग पत्रा अंगठ्याने दाबत जा. कडक लागला तर गंज घासून रेड ऑक्साइड मारा आणि वरून रंग. कुरकुर आवाज करून आत गेला तर तेवढा तुकडा कापून नवीन पत्रा वेल्डिंग करून घ्या. एमसील लावून वर मॅट टाकणारे असतात, त्यांच्याकडे नेऊ नका.

चाकं जाम होतात ती हँडब्रेक ओढून ठेवता म्हणून. ड्रमला आतून गंज धरतो आणि ब्रेक शू त्याला चिकटून बसतात. यापुढे निघताना हँडब्रेक सोडून ठेवा, पहिला गिअर टाका आणि चाकाला पुढूनमागून जांभ्याचा चिरा लावा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. आणि गाडी गोठ्याला लागून ठेवू नका, शेणामुताचा अमोनिया तांब्यापितळेला खातो, वायरिंगची टोकं हिरवी पडतात ती त्यानेही पडतात.

पण खरं औषध एकच, वाडीतला एखादा लायसन असलेला विश्वासातला मुलगा बघा, चावी त्याच्याकडे द्या आणि पंधरा दिवसांतून एकदा दहा-बारा किलोमीटर फिरवून आणायला सांगा. इन्शुरन्स चालू ठेवा त्यासाठी. अंगणात पाच मिनिटं चालू करून बंद करणं नको, त्याने उलट नुकसान होतं, इंजिन पुरतं गरम होत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साठून तो आतून सडतो आणि स्टार्टरने बॅटरीतून जेवढं ओढलं तेवढं परत भरतही नाही. आईंना सांगा त्या मुलाबरोबर बाजाराला जाऊन या म्हणून, गाडी पण चालेल आणि त्यांचं पण जाणं होईल.

प्रश्न : मी रोज जंगरने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने, दाभोळहून धोपाव्याला जाते, शाळेत नोकरी. वॅगन आर २००७ची आहे. दरवाज्याखालच्या पट्टीला फोड आलेत. एक गॅरेजवाला म्हणतो खालून काळं कोटिंग करून घ्या, दुसरा म्हणतो जळकं ऑइल मारा, आमच्याकडे सगळे तेच करतात. कुणाचं ऐकू?
— एक शिक्षिका, दाभोळ

उत्तर : ताई, आत्ता लगेच दोघांचंही नको. फोड दिसतोय म्हणजे गंज आतून बाहेर आलाय, आतली बाजू बाहेरच्यापेक्षा वाईट असणार. त्यावर काळं कोटिंग थापलं तर गंज झाकला जातो, ओल आत कोंडते आणि दोन पावसांनी कोटिंगची खपली निघते ती पत्र्यासकट. कोटिंग चांगलंच आहे पण ते स्वच्छ, सुक्या, प्रायमर मारलेल्या पत्र्यावर. जळक्या ऑइलने गंज थोडा थांबतो हे खरं, पण तेच ऑइल सस्पेन्शनच्या रबरी बुशांना फुगवतं आणि पहिल्या पावसात धुऊन खाडीत आणि शेतात जातं, मी ते कुणालाच सांगत नाही.

तुमच्या गाडीचा खरा त्रास जंगरचा उतार आहे. भरती असते तेव्हा चढताना-उतरताना चाकं खाऱ्या पाण्यातून जातात आणि ते पाणी खालून सगळीकडे उडतं. सुकलं तरी मीठ तिथेच राहतं आणि मीठ हवेतली ओल ओढतं, म्हणजे उन्हातसुद्धा पत्रा कधी पूर्ण कोरडा होत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा तरी खालून धुवायची, वरून चकाचक करून काही उपयोग नाही, पाइप चाकाच्या कमानीत घालून आतली माती आणि मीठ सोडवायचं. पाणी गोडं पाहिजे हं, तुमच्या बाजूला कितीतरी विहिरी मार्चनंतर मचूळ होतात, त्या पाण्याने धुतलंत तर मीठच चोळल्यासारखं.

आता दुरुस्ती. चांगल्या डेंटरकडे जा आणि समोर उभ्या राहून त्याला स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पट्टीवर ठोकायला सांगा, चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला भदभद. जॅक लावायची जागा आधी तपासा, ती गेलेली असेल तर पंक्चर काढताना जॅक सरळ आत घुसतो. आणि एक गोष्ट तो स्वतःहून बघणार नाही, ब्रेक ऑइलच्या बारीक लोखंडी नळ्या गाडीच्या पोटाखालून मागे जातात, त्यांच्यावर गंजाच्या गाठी दिसल्या तर नळ्या बदला. पट्टीचं काम महिनाभर थांबलं तरी चालेल, नळी थांबणार नाही.

प्रश्न : काका, झेन २००१, महिन्यातून एकदा आईला तपासायला देवरुखहून आंबा घाटाने कोल्हापूरला नेतो. चढताना तापमानाचा काटा लाल होतो, आणि गेल्या वेळी उतरताना ब्रेकचा पॅडल एकदम मऊ पडला, दोनतीनदा मारल्यावर लागला. खूप घाबरलो.
— वाचक, देवरुख

उत्तर : घाबरलात ते बरोबरच. ब्रेक बघितल्याशिवाय आईंना घेऊन पुन्हा घाटात जाऊ नका, तोवर एसटीने न्या.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं आणि आपल्याकडे ओल किती ते तुम्हाला सांगायला नको. डॉट ३ ऑइल नवीन असतं तेव्हा २०५ अंशांच्या पुढे उकळतं, पाणी शोषलेलं तेच ऑइल १४०च्या आसपास उकळू शकतं. उतारावर सारखा ब्रेक दाबून ठेवला की तेवढी उष्णता सहज होते, ऑइलची वाफ होते आणि वाफ दाबली जाते म्हणून पॅडल मऊ लागतो. सगळं ऑइल काढून नवीन भरा, चारी चाकांच्या ब्रेकमधली हवा काढून घ्या आणि यापुढे दर दोन वर्षांनी बदला. मास्टर सिलिंडर आणि चाकाकडे गळती आहे का तेही त्याच दिवशी. आणि उतरायचं कसं, तर ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने, सेकंड टाका आणि इंजिनला गाडी धरू द्या, ब्रेक वळणाच्या आधी मारून सोडायचा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकणारे आहेत, कृपा करून नको.

काटा लाल होतो त्यासाठी मेकॅनिकला सरळ विचारा, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप, जागेवर आहे का. आपल्याकडे गाडी गरम झाली की थर्मोस्टॅट काढून टाकायची सवय आहे, दोन दिवस बरं वाटतं पण मूळ दुखणं तसंच राहतं, आणि ते बहुतेक रेडिएटर चोंदलेलं असतं, वर्षानुवर्षं विहिरीचं पाणी घातल्यामुळे. झाकण काढल्यावर, इंजिन पूर्ण थंड असताना, पाणी तांबडं दिसलं तर तेच समजा. रेडिएटर साफ करून घ्या, पंखा वेळेवर लागतो का बघा आणि कूलंट व डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं.

प्रश्न : आमची गाडी पुढच्या महिन्यात १५ वर्षांची होतेय. सगळे म्हणतात आता स्क्रॅपलाच द्यावी लागते. खरं का?
— वाचक, कुडाळ

उत्तर : नाही. १० वर्षं डिझेल आणि १५ वर्षं पेट्रोल हा जो नियम ऐकता तो दिल्ली परिसराचा आहे. आपल्याकडे खासगी गाडी १५ वर्षांनी आरटीओत दाखवायची, ती पास झाली की नोंदणी पुढे ५ वर्षं मिळते, मग परत ५. अर्ज फॉर्म २५चा, मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून करता येतो, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. कारची फी एप्रिल २०२२पासून ५ हजार आहे आणि गाडीला २० वर्षं झाली असतील तर ऑगस्ट २०२५च्या बदलानंतर १० हजार, वर पर्यावरण कर वेगळा. पीयूसी, इन्शुरन्स आणि नवीन सुरक्षित नंबरप्लेट लागते. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर आणू नका, अपघात झाला तर इन्शुरन्स कंपनी तेच कारण पुढे करते.

प्रश्न : कार्बोरेटरची गाडी आहे, हल्ली पेट्रोलचा वास येतो आणि ॲव्हरेज पण कमी झालंय. इथेनॉलमुळे का?
— वाचक, अलिबाग

उत्तर : असू शकतं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, त्यात ताकद पेट्रोलपेक्षा कमी म्हणून ॲव्हरेज थोडं पडतं, आणि जुन्या काळची रबरं त्याच्यासाठी बनलेली नाहीत. वास येतोय तोवर गाडी चालवू नका. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप, क्लिपा आणि कार्बोरेटरची पॅकिंग बदलून घ्या, खर्च फार नाही आणि आगीशी खेळ नको. इथेनॉल पाणी पण ओढतं, म्हणून गाडी महिनोन्महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका.

प्रश्न : आमच्या खळ्यात १९८५ची पद्मिनी सहा वर्षं उभी आहे, स्टिअरिंगला गिअर असलेली. आजोबा ८४ वर्षांचे आहेत, त्यांना तिच्यातून एकदा आंगणेवाडीच्या जत्रेला जायचंय. घरचे म्हणतात भंगारवाला चांगले पैसे देतोय. चालू होईल का ती?
— वाचक, मालवण

उत्तर : होईल असं मला वाटतं, आणि भंगारवाल्याला आत्ता थांबवाच. मुंबईत ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, आता तुमच्यासारख्यांच्या खळ्यात आहेत तेवढ्याच उरल्या. एकदा कापली की परत येत नाही. ते १०८९ सीसीचं इंजिन साधं आहे, त्यात कॉम्प्युटर नाही, हाताने दुरुस्त होतं.

फक्त उत्साहात बॅटरी लावून चावी मारू नका. चारी प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल घाला आणि एक रात्र तसंच ठेवा. सकाळी पुलीच्या नटाला पाना लावून हळू फिरवा, फिरलं तर इंजिन जिवंत आहे. अडलं तर जोर लावू नका, परत ऑइल घाला आणि दोन दिवस थांबा. जुनं ऑइल काढून नवीन भरा. टाकीतलं सहा वर्षांचं पेट्रोल वापरायचं नाही, टाकी उतरवून धुवायची, पहिल्यांदा चालू करताना पेट्रोल बाटलीतून पंपाला द्यायचं. पॉइंट, म्हणजे प्लगची ठिणगी पाडणारे संपर्क, घासून त्यांचा गॅप लावायला येणारा जुना मेकॅनिक शोधा, मालवण-कणकवलीकडे पूर्वी पद्मिनी सांभाळणारे होते, आजोबांनाच विचारा, त्यांना माणूस माहीत असेल.

इंजिन चालू झालं की घरात सगळे खूश होतील आणि लगेच चक्कर मारू म्हणतील, तेव्हा तुम्ही घट्ट राहा. चाकांच्या सिलिंडरमधली रबरं सहा वर्षांत गेलेली असणार, ती बदलून ब्रेक लागेपर्यंत गाडी खळ्याबाहेर नाही. टायर दिसायला चांगले असले तरी बाजूवर चार आकडे बघा, ३२१६ म्हणजे २०१६चा बत्तिसावा आठवडा, दहाएक वर्षांचा टायर असेल तर नवीन घ्या. नोंदणीचं काम लगेच सुरू करा, त्याला वेळ लागतो.

जत्रेच्या दिवशी तिथे गाड्यांची रांग असते आणि ही गाडी रांगेत थांबली की तापणार. आजोबांना घेऊन पहाटेच निघा, पाण्याचे दोन कॅन डिकीत ठेवा आणि त्यांना पुढे बसवा.