उत्तर चुकल्यावर शिकवणारा काय करतो?

प्रश्न : बाई, नमस्कार. माझा मुलगा नववीत आहे. सातवीपर्यंत विज्ञान त्याचा लाडका विषय होता, आता पुस्तक उघडायचं म्हटलं तरी तोंड पाडतो. गेल्या वर्षी खासगी शिकवणी लावली. सर स्वतः अतिशय हुशार, शिकवणं ऐकत राहावं असं, नोट्सही नीटनेटक्या. आठ महिन्यांत तीन वह्या भरल्या, गुण मात्र होते तिथेच आहेत. आता दुसरं कुणीतरी शोधतोय. चार नावं हाती आली आहेत. आम्हा दोघांनाही विज्ञान फारसं येत नाही. मग यातलं कोण चांगलं हे ओळखायचं कसं? शेवटच्या पेपरातल्या त्याच्या काही चुका सोबत लिहून पाठवते आहे. – एक आई

उत्तर : चुका लिहून पाठवल्यात हे फार चांगलं केलंत. शिकवणी शोधणारे पालक मला बहुतेक वेळा फक्त गुण सांगतात. पन्नासपैकी बावीस पडले एवढ्यावरून मला मुलाबद्दल काहीच कळत नाही. तुमच्या पत्रातल्या चार चुकांवरून मात्र बरंच कळलं, म्हणून आधी त्यांच्याकडेच वळते.

पहिली चूक गाडीच्या उदाहरणातली. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ५ सेकंदांत थांबली, तर त्वरण किती? त्याने ३६ ला ५ ने भागून ७.२ लिहिलं. सूत्र त्याला येतंय, भागाकारही बरोबर आहे. फक्त ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर, हे रूपांतर राहिलं आणि वेग कमी होतोय म्हणून येणारं ऋण चिन्हही राहिलं. उत्तर उणे २ यायला हवं होतं. ही एककांची आणि थोडी गणिताची अडचण आहे. त्यासाठी अख्खा गतीचा धडा पुन्हा शिकवत बसायची गरज नाही.

दुसरी चूक अंतर्वक्र आरशाच्या आकृतीतली. किरण बरोबर काढले, पण बाण दिले नाहीत. ही सवयीची बाब आहे, पंधरा दिवसांत सुटेल.

तिसऱ्या आणि चौथ्या चुकीपाशी मी थांबले. ‘झाडाच्या खोडाचं वस्तुमान मुख्यतः कुठून येतं?’ या प्रश्नाला त्याने लिहिलं, ‘मातीतून, मुळांवाटे.’ आणि हायड्रोजन व ऑक्सिजनपासून पाणी तयार होण्याचं समीकरण संतुलित करताना त्याने उजवीकडच्या पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनच्या खाली २ लिहिला. दोन्ही बाजूंचे अणू जुळले, म्हणून त्याला ते बरोबर वाटलं. पण पाण्याचं सूत्र बदललं की ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. या दोन चुका निष्काळजीपणाच्या नाहीत. त्याने विचार करूनच लिहिलंय, पण विचाराच्या मुळाशीच काहीतरी वेगळं बसलेलं आहे. वर्गात चाळीस मुलांसमोर हे बाहेर काढायला वेळ मिळत नाही. खासगी शिकवणी लावायची ती यासाठी.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. विज्ञान येत नसतानाही शिकवणारा पारखता येतो. चौघांपैकी ज्यांच्याशी प्राथमिक बोलणं पटेल, त्यांना एक तास शिकवून दाखवायला सांगा. विषय तुम्हीच द्या, हेच पाण्याचं समीकरण द्या. मुलाने जे चुकीचं लिहिलं तो कागद समोर ठेवा आणि बाजूच्या खोलीत दार उघडं ठेवून बसा. मजकूर समजला नाही तरी चालेल, आवाज कुणाचा येतोय तेवढं ऐका.

एखादे सर म्हणतील, ‘हे चुकलं. खाली नाही लिहायचं, पुढे लिहायचं. इथे २, इथे २, झालं.’ मूल मान डोलावेल, पुढचं समीकरण सुरू होईल. तीस सेकंदांत चूक दुरुस्त झाली, पण वहीतली. मुलाच्या डोक्यातली तशीच आहे.

दुसरं कुणी कागदाकडे बघून विचारेल, ‘तू इथे २ का लिहिलास ते मला सांग.’ मग गप्प बसेल. मुलगा म्हणेल, ऑक्सिजन कमी पडत होता. ‘बरोबर, कमी पडत होता. आता पाण्याचा एक रेणू मला काढून दाखव.’ मुलगा एक मोठा गोल आणि दोन छोटे गोल काढेल. ‘आता तू सूत्रात जो २ घातलास, तो या चित्रात घाल.’ तो आणखी एक मोठा गोल जोडेल आणि तिथेच थांबेल, कारण समोरचं चित्र आता पाण्याचं नाही हे त्याचं त्यालाच दिसेल. मग ऑक्सिजन वाढवायचा तर पाण्याचा अख्खा दुसरा रेणू घ्यावा लागतो, त्याबरोबर हायड्रोजनही वाढतो, म्हणून डावीकडे हायड्रोजनचेही दोन रेणू लागतात, हे पुढचं सगळं तो स्वतः बोलेल. याला दहा-बारा मिनिटं लागतात. बाहेर बसलेल्या पालकांना वाटतं, एवढ्या वेळात एकच समीकरण? कृपा करून असं वाटू देऊ नका. तुम्हाला हवी असलेली शिकवणी हीच आहे.

आणखी एक गोष्ट मोजा. प्रश्न विचारल्यावर शिकवणारा किती वेळ थांबतो? मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती तपासल्या. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एखादा सेकंदच थांबत होते, मग स्वतः उत्तर देत किंवा दुसऱ्या मुलाकडे वळत. तोच वेळ तीन सेकंद किंवा त्याहून जास्त केल्यावर मुलांची उत्तरं लांबली, मुलं आपणहून प्रश्न विचारू लागली, काहीच न बोलणाऱ्यांची संख्या घटली. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. घड्याळ लावून गप्प बसून पाहा, फार लांब वाटतात. नवख्या शिक्षकाला तर ती शांतता सोसतच नाही.

हे मी ठामपणे सांगते, कारण सुरुवातीची कित्येक वर्षं मलाही ती सोसत नसे. एका मुलीला मी वस्तू का तरंगते हे शिकवलं होतं. घनता, उत्प्लावक बल, आर्किमिडीज, सगळं ओळीने. ती प्रत्येक वाक्याला ‘हो बाई’ म्हणत होती आणि मी खूश होते. पंधरा दिवसांनी सहज विचारलं, खिळा बुडतो मग लोखंडी जहाज कसं तरंगतं? ती म्हणाली, ‘जहाजाचं लोखंड वेगळं असतं.’ तिचा हा समज मी शिकवायच्या आधीपासून होता. मी तिला एकदाही बोलू दिलं नव्हतं, म्हणून तो मला दिसला नाही. दुसऱ्या दिवशी मातीचा गोळा आणि पाण्याचं भांडं तिच्या पुढ्यात ठेवलं. गोळा बुडाला. त्याच मातीची तिने वाटी केली, ती तरंगली. तिने ती वाटी तीनदा मोडून गोळा केला आणि तीनदा पुन्हा वाटी केली. मी मध्ये बोलले नाही. शेवटी तिने विचारलं, ‘म्हणजे आतली रिकामी जागाही धरायची?’ त्या एका प्रश्नासाठी मला पंधरा दिवस आधी गप्प बसायला हवं होतं.

तुमचे आधीचे सर हुशार होते, तरी फरक का पडला नाही, हेही यातून कळेल. ज्याला विषय लहानपणापासून सहज आला, त्याला मूल नेमकं कुठे अडतं हे पुष्कळदा दिसत नाही. पदवी हवी, विषय पक्का हवा, त्यात तडजोड नको. पण बोलताना एवढं जरूर विचारा : ‘या इयत्तेतली मुलं या धड्यात सहसा काय चुकतात?’ जो खरोखर मुलांबरोबर बसलाय, तो क्षणात तीन-चार चुका सांगेल. झाडाचंच घ्या. मातीतून वस्तुमान येतं असं मुलांना वाटतं, हे त्याला ठाऊक असेल. कदाचित तो सतराव्या शतकातल्या यान बाप्तिस्ता व्हान हेल्माँट या शास्त्रज्ञाच्या प्रयोगाबद्दलही बोलेल. त्याचं लेखन १६४८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालं. सुमारे ९० किलो कोरड्या मातीत त्याने विलो नावाच्या झाडाचं छोटं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाडाचं वजन ७० किलोंहून अधिक वाढलं, माती जेमतेम ५०-६० ग्रॅम घटली. सगळी वाढ पाण्यातूनच झाली असं व्हान हेल्माँटला वाटलं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा वाटा त्याच्या ध्यानात आला नाही. एवढा मोठा माणूस कुठे चुकला, हे शोधायला मुलांना विलक्षण आवडतं. तुमच्या मुलाला ही गोष्ट जरूर सांगा, शिकवणी लागायची वाट बघू नका.

नावं मिळवण्याबद्दल थोडक्यात. शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांना विचारा. तुमच्या मुलाहून दोन-तीन वर्षं पुढे असलेल्या मुलांनाही विचारा, मुलं खरं बोलतात. विज्ञान शिकणारे महाविद्यालयीन विद्यार्थीही पाहा. नववीतली अडचण त्यांना अजून आठवते. गुणांची हमी देणाऱ्याकडे जाऊ नका. गृहपाठ करून देणाऱ्याकडे तर मुळीच नको. आधी शिकवलेल्या दोन घरांशी स्वतः बोला, शिकवणी दार उघडं ठेवून होऊ द्या, निरोपांची देवाणघेवाण तुम्हालाही दिसेल अशीच ठेवा. यात संकोच करू नका, चांगल्या शिक्षकाला याचा राग येत नाही.

एकाला एक शिकवणी म्हणजे फायदा होणारच, असा मोठा समज आहे. त्यासाठी बेंजामिन ब्लूम या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाच्या १९८४ मधल्या लेखाचा दाखला देतात. त्यात शिकवणीतलं सरासरी मूल नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे गेलं होतं. पुढच्या अभ्यासांत सहसा इतका मोठा फरक दिसला नाही. शिवाय ब्लूम यांच्या लेखातल्या त्या मुलांची वेळोवेळी छोटी चाचणी होत होती आणि एक भाग पक्का झाल्याखेरीज पुढचा सुरू होत नव्हता. तुमच्या नव्या शिक्षकांना हेच विचारा : मागचं पक्कं झालं का, हे कसं तपासता?

घरी तुम्हीही तपासू शकता. तास संपल्यावर ‘कळलं का?’ विचारू नका, उत्तर ‘हो’ येतं. कोरा कागद द्या आणि आज काय झालं ते वही न बघता काढून दाखव म्हणा. आठवड्याने पुन्हा तेच करा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं की पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते, पण आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे गेले. तीन वह्या भरूनही गुण का हलले नाहीत, याचं कारण मला इथेच दिसतं.

शिकवणीचे चार तास झाले की निर्णय घ्या. आठ महिने थांबू नका.

प्रश्न : आमच्या जवळपास कुणी शिकवणारं नाही. ऑनलाइन शिकवणी विज्ञानासाठी चालेल का? – एक वडील

उत्तर : चालेल, पण कॅमेरा मुलाच्या वहीवर हवा. चेहरा दिसून उपयोग नाही, हात काय लिहितोय ते शिक्षकाला दिसलं पाहिजे. मोबाइल उंचावर टेकवून खाली रोखला तरी काम भागतं. आणि भिंग, बॅटरी, बल्ब, तार मुलाच्या टेबलावर असू द्या. शिक्षकाने पडद्यावर प्रयोग दाखवणं आणि मुलाने तो हाताने करणं यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे.

प्रश्न : बाई, मी दहावीत आहे. माझे शिकवणीचे सर चांगले आहेत. पण न कळलेलं विचारायला मला भीती वाटते. घरचे एवढा खर्च करतात आणि मला कळत नाही, हे कसं सांगू? – एक विद्यार्थिनी

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. ‘मला कळत नाही’ हे वाक्य जड आहे, आणि सरांनाही त्यावरून काही समजत नाही. म्हणून ते बोलूच नकोस. पुस्तकात वाचत जा, आणि जिथपर्यंत कळलं तिथे समासात पेन्सिलने आडवी रेघ मार. तास सुरू होतानाच पुस्तक सरांपुढे ठेव आणि म्हण, ‘सर, या रेघेपर्यंत कळलं, इथून पुढे सुटलं.’ सर चांगले आहेत असं तूच लिहितेस, तर ते तिथूनच सुरुवात करतील. ते कधी हसले किंवा चिडले, तर त्याच दिवशी घरी सांग, त्यात चूक तुझी नाही.

पुढच्या तासासाठी एकच रेघ मार. कुठल्या ओळीपाशी मारलीस, ते मला लिहून कळव.