शेपूट छाटलेला व्हिडिओ आणि इतर प्रश्न

गेल्या महिन्यात आलेल्या मेलपैकी निम्म्यांत प्रश्न एकच, फक्त गावं वेगळी. 'सर, हे खरं आहे का?' आणि खाली एक स्क्रीनशॉट. त्यावर ना तारीख, ना पेपरचं नाव. असं कात्रण बघून मलाही काही सांगता येत नाही. वर्तमानपत्राच्या डेस्कवर आयुष्य काढलं म्हणून दिव्यदृष्टी येत नाही. तरी निवडक प्रश्न घेतो.

बातमी आणि अग्रलेख यांत फरक काय? (अकरावी, बारामती)

काय घडलं ती बातमी. त्याबद्दल त्या पेपरला काय वाटतं तो अग्रलेख.

प्रकल्पात विकिपीडियाचा संदर्भ दिला तर चालेल का? (बी.ए. प्रथम वर्ष, अमळनेर)

वाचायला चालेल, संदर्भ म्हणून नाही. लेखाच्या तळाशी मूळ दुवे असतात. ते उघडा, वाचा आणि त्यांचा संदर्भ द्या. न वाचता उतरवून घेऊ नका, परीक्षकाला कळतं. मराठीतून हवं असेल तर मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे, पण त्यातल्या बऱ्याच नोंदी काही दशकांपूर्वीच्या आहेत, त्यामुळे लोकसंख्येसारखे आकडे तिथून उचलू नका. कॉलेजच्या ग्रंथपालांना विचारा. ते त्यासाठीच बसलेले असतात आणि त्यांना कुणी काही विचारत नाही.

मेसेजवर दोन बाण आणि 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' असं दिसलं, म्हणजे तो खोटा का? (दहावी, चिपळूण)

नाही. तो बऱ्याच हातांतून आलाय आणि पाठवणाऱ्याला तो कुणी लिहिला हे बहुधा ठाऊक नाही, एवढंच त्यातून कळतं.

आमच्या तालुक्यात मुलं पळवणारी टोळी आल्याचा व्हिडिओ फिरतोय. व्हिडिओ खरा वाटतो. आई म्हणते, लोकांना सावध केलेलं बरं. पुढे पाठवू का? (नववी, नंदुरबार जिल्हा)

नको. आणि हे उत्तर लांबणार आहे, नीट बसून वाच.

व्हिडिओ खरा वाटतो म्हणजे तो कॅमेऱ्याने काढलेला दिसतो, इतकंच. तो कुठला, कधीचा आणि पुरा आहे का? २०१८ साली असाच एक व्हिडिओ देशभर फिरला. रस्त्यावर खेळणारी पोरं, मोटारसायकलवरून दोघं येतात, एका लहानग्याला उचलतात आणि पसार होतात. बघून कुणाच्याही पोटात गोळा यावा. तो होता कराचीचा, मुलांच्या सुरक्षेसाठी जागृती करायला मुद्दाम केलेला. मूळ व्हिडिओत पुढे तीच मोटारसायकल परत येते, पोराला खाली सोडतात आणि फलक उघडून दाखवतात, की बघा, मूल उचलणं किती सोपं आहे. कुणीतरी तेवढं शेपूट छाटलं आणि उरलेलं सोडून दिलं. उरलेल्या भागातलं एकही दृश्य बदललेलं नव्हतं. 'खरं की खोटं' एवढंच विचारून भागत नाही, हे मी दर वर्गात सांगतो आणि दर वर्गात तास संपताना तोच प्रश्न येतो.

अफवेला व्हॉट्सअ‍ॅपच लागतं असंही नाही. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो ही वार्ता घरोघर पोचली ती लँडलाइनवरून आणि शेजाऱ्यांच्या तोंडून. त्या दिवशी फार तर दूध वाया गेलं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. तुझ्या शेजारच्या जिल्ह्यात. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, मंगळवेढ्याकडून आलेली, भिक्षेवर पोट भरणारी माणसं. ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारलं त्यांना. त्यांनी कुणाचंही मूल पळवलं नव्हतं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पाच जीव गेल्यावर.

'सावध केलेलं बरं' या वाक्याची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते, कारण ते चांगल्या मनाने येतं. आईवर रागावू नकोस. तिला राईनपाड्याची गोष्ट सांग. मग व्हिडिओ मध्येच थांबवून स्क्रीनशॉट काढ, गूगल लेन्सवर टाक आणि याआधी तो कुठे दिसलाय ते बघ. दुकानांच्या पाट्यांची लिपी वाच, गाड्यांच्या नंबरप्लेटी बघ. तरी उलगडा झाला नाही तर वर्गशिक्षकांना दाखव. गावात एखाद्या माणसाबद्दल खरंच शंका असेल तर मोठ्या माणसांनी ११२ ला फोन करायचा. ग्रुपवर टाकायचं नाही.

दर जुलैत सांगली-कोल्हापूरच्या पुराचे तेच फोटो येतात. जुने कसे ओळखायचे? (पत्रकारिता पदविका, कोल्हापूर)

फोटोत पाण्याकडे बघू नका, पाणी दर वर्षी सारखंच दिसतं. कडेचं बघा: होर्डिंगवरचे चेहरे आणि तारखा, अर्धवट बांधलेली इमारत, नंबरप्लेटीवरची अक्षरं. 'बीएच' मालिकेच्या प्लेटी २०२१ मध्ये आल्या, तेव्हा अशी गाडी दिसली तर तो फोटो २०१९ च्या महापुराचा असूच शकत नाही. कबूल करतो, एका पावसाळ्यात मीच घाईत जुना फोटो 'संग्रहित' न लिहिता पानात सोडला होता. सकाळी सातला वाचकाचा फोन: 'साहेब, ती पत्र्याची टपरी गेल्या दिवाळीतच पाडली.' तेव्हापासून आधी टपऱ्या बघतो. नदीकाठच्या ओळखीच्या माणसाला एक फोन करणं मात्र अजूनही सगळ्यात खात्रीचं.

चॅटजीपीटीने विषयाला धरून पाच पुस्तकं सुचवली, पण लायब्ररीत एकही नाही. लायब्ररी अपुरी आहे का? (एम.ए., लातूर)

लायब्ररी ठीक आहे, ती पुस्तकंच बहुधा अस्तित्वात नाहीत. हे यंत्र शोभेल असं नाव, लेखक आणि वर्ष जुळवून देतं. हातात घेतल्याशिवाय एकही शीर्षक संदर्भसूचीत टाकू नका आणि आधी मार्गदर्शकांना दाखवा.

एकच टॉपर तीन क्लासच्या जाहिरातींत कसा? (स्पर्धा परीक्षा, पुणे)

एका ठिकाणी वर्षभर शिकला असेल, दुसरीकडे सराव परीक्षा दिल्या असतील, तिसऱ्याने फुकट मुलाखत घेऊन फोटो काढून घेतला असेल. फोटो मात्र तिन्हीकडे सारखाच मोठा. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. विद्यार्थ्याने कोणता कोर्स केला हे जाहिरातीत सांगायला हवं आणि निवड झाल्यानंतर त्याची लेखी संमती घ्यायला हवी. ती ओळ शोधा. बारीक टाइपात असेल. आणि पान बातमीसारखं दिसलं तरी कोपऱ्यात 'जाहिरात' किंवा 'अ‍ॅडव्हर्टोरियल' लिहिलंय का, ते फी भरायच्या आधी बघा. तिथे शिकून गेलेल्या दोघांशी तरी बोला, क्लासने सुचवलेल्या नव्हे.

महाडीबीटीसारख्या दिसणाऱ्या साइटवर शिष्यवृत्तीसाठी ४९९ रुपये 'प्रोसेसिंग फी' भरली, ओटीपीही दिला. बारा दिवस झाले, काही उत्तर नाही. साइट खरी होती का? (बी.कॉम., जालना)

बारा दिवस कशाची वाट पाहिलीत? हे वाचत असाल तर इथेच थांबा, १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि मग बँकेत जा. पैसे अडवता येतात ते पहिल्या काही तासांत. साइटच्या पत्त्यात 'महाडीबीटी' हा शब्द कुणीही घालू शकतो. सरकारी पत्त्याचा शेवट 'जीओव्ही डॉट इन' असा असतो. पुढचा अर्ज कॉलेजच्या शिष्यवृत्ती लिपिकाला दाखवल्याशिवाय भरू नका.

मामा घरच्या ग्रुपवर रोज काहीतरी खोटं टाकतात. सगळ्यांसमोर सांगू का? (बारावी, ठाणे)

सगळ्यांसमोर नको, मामा दुप्पट जोमाने टाकतील. फोन करून बोला. पण आधी आईला विचारा, भाऊ तिचा आहे.