जमीन जप्त झाली की सरकारजमा?

अमेरिकेच्या १८२८ च्या एका कायद्याबद्दल भाषांतर करताना एकांनी ‘जप्त जमिनींची नुकसानभरपाई’ असं लिहिलंय आणि ते बरोबर आहे का, असं विचारलंय. माझ्या मते यातले दोन्ही शब्द बदलायला हवेत. का, ते कळायला आधी व्यवहार पाहू.

१८०० च्या कायद्याने तिथली सरकारी जमीन हप्त्यांवर मिळू लागली. भाव एकरी किमान २ डॉलर. चौथा हिस्सा सुरुवातीला भरायचा, उरलेले तीन हप्ते दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाअखेर. समजा, ओहायोत कुणी १६० एकर घेतले. एकूण ३२० डॉलर, म्हणजे ८०-८० चे चार हप्ते. दोन भरले आणि १८१९ ची मंदी आली. शेतमालाचे भाव कोसळले, पुढचे हप्ते थकले. मुदत टळली की जमीन पुन्हा सरकारची आणि भरलेले १६० डॉलर बुडाले.

‘जप्त’ म्हटलं की कुणीतरी येऊन ताबा घेतला, पंचनामा केला, टाळं ठोकलं असं वाटतं. इथे शर्त मोडल्यामुळे जमीन आपोआप मूळ मालकाकडे, म्हणजे सरकारकडे परत गेली. त्यासाठी आपल्याकडे ‘सरकारजमा होणे’ हा नेमका शब्द आहे. ‘खालसा’ चालणार नाही, तो इनामं आणि संस्थानांसाठी. गेलेल्या पैशाला मात्र ‘बुडाले’च म्हणावं. इसार बुडतो, तसेच हप्तेही बुडतात.

‘नुकसानभरपाई’ मला जास्त खटकते. ती ज्याच्यामुळे नुकसान झालं त्याने द्यायची असते. सरकारने इथे काही हिरावून घेतलं नव्हतं. करार खरेदीदाराकडून पाळला गेला नव्हता. ‘मोबदला’ही नको, त्याने भूसंपादन आठवतं. मे १८२८ च्या कायद्याने बुडालेल्या रकमेचं एक प्रमाणपत्र दिलं आणि मूळ खरेदी ज्या राज्यात झाली होती, तिथलीच सरकारी जमीन घेताना ते रोख पैशासारखं धरलं. याला मराठीत ‘वळते करणे’ म्हणतात. किराणा दुकानदार आगाऊ घेतलेले पैसे पुढच्या बिलात वळते करतो, अगदी तसंच.

आणि ही सवलत चांगलीच भरीव होती. १८२० पासून उधारी बंद होऊन किमान भाव एकरी सव्वा डॉलरवर आला होता. म्हणजे ओहायोच्या त्या माणसाला १६० डॉलरच्या कागदावर त्या भावाने १२८ एकर मिळू शकत होते.

म्हणून मी लिहीन: ‘सरकारजमा झालेल्या जमिनींचे बुडीत हप्ते वळते करून देण्याचा कायदा’. लांब आहे, पण खरं आहे. त्या कागदाला ‘जमापत्र’ म्हणा. ‘रोखा’ म्हटलं तर मुदतीनंतर पैसे हातात मिळणार असं वाचकाला वाटेल, आणि या कागदावर मिळणार होती ती फक्त जमीन.