अशील मूल आहे, मामा नव्हे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

इमिग्रेशन कोर्टात मुलांच्या केसेस घ्यायचं तू ठरवलं आहेस, हे वाचून फार बरं वाटलं. अमेरिकेत चोरीच्या आरोपाखाली पकडलेल्या अल्पवयीन मुलाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९६७ च्या गॉल्ट निकालापासून तो त्याचा हक्क आहे. देशाबाहेर काढण्याची सुनावणी मात्र दिवाणी धरतात. तिथे वकील करता येतो, सरकारी खर्चाने नाही. त्यामुळे सहा वर्षांचं पोरसुद्धा एकटं उभं राहू शकतं, आणि समोर सरकारचा वकील असतोच. २००८ च्या कायद्याने एकट्या आलेल्या मुलांना शक्य तेवढे वकील मिळवून देण्याचं काम आरोग्य खात्यावर सोपवलं. मार्च २०२५ मध्ये सरकारने त्याच कामाचं कंत्राट थांबवलं आणि सुमारे २६,००० मुलांच्या केसेस टांगणीला लागल्या. कोर्टाने मध्ये पडून निधी तूर्त चालू करायला लावला. मला अजून त्याचा संताप येतो.

आता कामाचं. पहिल्याच भेटीत 'काय घडलं' विचारू नकोस. आधी भाषा विचार. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातून आलेल्या मुलांच्या कागदांवर खुशाल 'स्पॅनिश' लिहिलेलं असतं. मूल मान डोलावतं, 'सी, सी' (हो, हो) म्हणतं, आणि आपल्याला वाटतं, कळलं. घरी आजीशी कुठल्या भाषेत बोलतोस, असं विचार. उत्तर माम किंवा किचे आलं, तर त्याच भाषेचा दुभाषी माग, आणि त्यासाठी पुढची तारीख मागावी लागली तरी माग. अर्धवट कळलेल्या भाषेत दिलेला जबाब एकदा रेकॉर्डवर गेला, की सरकारी वकील त्यातल्याच विसंगती काढत बसतो.

मूल ज्या मामाकडे राहतं तो भला माणूस असेल, पदरमोड करून त्याला तुझ्याकडे आणत असेल. चहा दे, आणि बाहेर बसव. अशील मूल आहे. तू सांगितलेलं तुला विचारल्याशिवाय मी कुणाला सांगणार नाही, मामालाही नाही, हे त्याला स्वच्छ सांग. मग कागदावर कोर्टाची खोली काढ: इथे न्यायाधीश, इथे दुभाषी, इथे तू आणि मी, आणि हा पलीकडचा वकील आपला नव्हे. पेन्सिल त्याच्या हातात दे आणि त्याच्याकडूनच सगळं परत ऐक. बाजू उलटसुलट झाल्या तर त्या दिवशी पुढे जाऊ नकोस. आणि मूल 'मला घरी परत जायचंय' म्हणालं, तर तेही शांतपणे ऐकून घे, लगेच समजावायला धावू नकोस.

पत्ता बदलला की पाच दिवसांत कोर्टाला फॉर्म गेलाच पाहिजे. नोटीस जुन्या पत्त्यावर गेली आणि मूल तारखेला आलं नाही, तर गैरहजेरीतच हकालपट्टीचा आदेश निघू शकतो.

आई किंवा वडिलांनी टाकलेल्या, मारझोड केलेल्या मुलांसाठी देशात राहण्याची १९९० पासून एक वेगळी वाट आहे. आधी राज्याच्या कोर्टाकडून तसा आदेश घ्यायचा, मग इमिग्रेशन खात्याकडे अर्ज करायचा. हा अर्ज वयाच्या २१ वर्षांच्या आत जावा लागतो, पण कित्येक राज्यांत तो आदेश देण्याचा कोर्टाचा अधिकार १८ व्या वर्षीच संपतो. म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर जन्मतारीख ठळक लिही. साडेसतरा वर्षांचं मूल आलं, तर बाकी सगळं बाजूला ठेवून त्याच आठवड्यात राज्याच्या कोर्टातला अर्ज तयार करायला घे. मसुदा मला पाठव, रात्री उशिरा पाठवलास तरी चालेल.

तुझी,
ताई