सहा रकाने आणि ३१ ऑक्टोबर

सप्टेंबर उजाडला की इंग्लंडमधल्या मराठी व्हॉट्सॲप गटांवर गणपतीचे फोटो आणि सेकंडरी शाळांचे (अकराव्या वर्षापासूनच्या) फॉर्म एकदमच फिरायला लागतात. पश्चिम लंडनमधल्या एका कौन्सिलच्या (म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या) ॲडमिशन विभागात माझी नोकरी झाली, आता निवृत्त आहे. म्हणून शाळांविषयीची पत्रं संपादक न उघडताच माझ्याकडे पाठवतात. त्यातली काही इथे घेतली आहेत, नावं गाळून. शेवटचं पत्र सोडलं तर सगळं इंग्लंडपुरतं आहे.

ताई, आम्ही हॅरोला राहतो. मुलगी आता इयर सिक्समध्ये, प्रायमरीच्या शेवटच्या वर्षात, गेली. फॉर्मवर सहा शाळा लिहायच्या आहेत. एक मित्र म्हणतो, ग्रामर (परीक्षा घेऊन मुलं निवडणारी सरकारी शाळा) पहिल्या नंबरवर नसेल तर ते विचारच करत नाहीत. दुसरा म्हणतो, जवळची शाळा पहिली लिही, खाली लिहिलीस तर ती घेणार नाही. आम्हाला खरं तर एकच शाळा हवी आहे. तीच सहाही रकान्यांत लिहिली तर?
– एक बाबा, हॅरो

दोन्ही मित्रांना माझा नमस्कार सांगा आणि त्यांचं ऐकू नका.

तुमचा क्रम शाळेला कळतच नाही. तुम्ही फॉर्म भरता तो हॅरो कौन्सिलकडे. शाळा दुसऱ्या बरोमध्ये, म्हणजे दुसऱ्या कौन्सिलच्या हद्दीत, असली तरी फॉर्म स्वतःच्याच कौन्सिलचा, ३१ ऑक्टोबरपर्यंत. कौन्सिल प्रत्येक शाळेला एवढंच कळवतं की या मुलीने तुमच्याकडे अर्ज केला आहे. पहिली म्हणून की सहावी म्हणून, हे सांगत नाही. शाळा आपल्या छापील निकषांप्रमाणे सगळ्या अर्जांची यादी लावते आणि परत पाठवते. मग संगणक बघतो की तुमच्या सहापैकी कुठल्या कुठल्या शाळेत मुलगी बसते आहे. त्यातली तुमच्या क्रमात सर्वात वर असलेली शाळा तुम्हाला मिळते. खालच्या शाळांतल्या तिच्या जागा आपोआप सुटतात आणि मागच्या मुलांकडे जातात.

समजा तुम्ही पहिली ग्रामर लिहिली, दुसरी दोन मैलांवरची नावाजलेली शाळा, तिसरी घराजवळची. ग्रामरमध्ये नंबर लागला नाही. दुसरीत १८० जागा आणि मुलगी यादीत १७१ वी. तिसरीत तर ती आरामात बसते. मग दुसरी मिळेल. ग्रामर वर लिहिल्याचा काडीचाही तोटा नाही. पण भीतीपोटी जवळची शाळा वर लिहिली असती, तर जवळचीच मिळाली असती आणि मिळत असलेली दुसरी हातची गेली असती. या नुकसानीला तुमच्या मित्राचा सल्ला जबाबदार राहिला असता आणि तुम्हाला ते कधी कळलंही नसतं.

मित्र अगदीच हवेतलं बोलत नाहीत, हेही सांगते. पूर्वी काही शाळा खरोखरच 'आम्हाला पहिलं लिहिणाऱ्यांना आधी' असा नियम लावायच्या. २००७ च्या स्कूल ॲडमिशन्स कोडने, म्हणजे प्रवेशाच्या सरकारी नियमावलीने, तो बंद केला. ज्यांची मुलं त्याआधी शाळेत गेली त्यांचा सल्ला तेव्हा बरोबर होता. तोच अजून गटागटांत फिरतो आहे.

एक शाळा सहा वेळा लिहिली तर ती एकदाच धरली जाते. उरलेले पाच रकाने तुम्ही फुकट घालवले, एवढाच त्याचा अर्थ. त्या एका शाळेत बसली नाही, तर कौन्सिल जिथे जागा उरली असेल ती शाळा देईल. उरलेली शाळा म्हणजे बाकीच्यांनी न घेतलेली शाळा.

म्हणून माझं सांगणं असं: मनापासून हव्या त्या क्रमाने लिहा, आणि सहांत कुठेतरी एक शाळा अशी घाला जिथे मुलगी नक्की बसेल. नक्की कसं ओळखायचं? दर वर्षी कौन्सिलची पुस्तिका निघते, वेबसाइटवर असते. त्यात गेल्या वर्षी प्रत्येक शाळेत शेवटचं मूल किती अंतरावरून आलं तो आकडा असतो. तो दर वर्षी हलतो, म्हणून दोन-तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवून बघा. आकडा ०.९ मैल आणि तुमचं घर ०.८५ वर असेल, तर त्याला मी नक्की म्हणणार नाही.

आणि हो, मुलगी हेन्रिएटा बार्नेटसारख्या ग्रामरच्या परीक्षेला बसलीच नसेल, तर ती शाळा लिहू नका. परीक्षेची नोंदणी थेट शाळेकडे वेगळी करावी लागते आणि ती या फॉर्मच्या कितीतरी आधी बंद होते.

मुलगा स्लाऊच्या इलेव्हन प्लसला, ग्रामरच्या प्रवेशपरीक्षेला, बसला आणि पास झाला. ११४ आले. सगळ्यांना पेढे वाटले. आता शेजारीण म्हणते, पास होऊनही सीट मिळत नाही. असं कसं?
– एक आई, स्लाऊ

पेढे वाटलेत ते बरं केलंत, पोराने मेहनत घेतली आहे. पण शेजारीण खरं बोलते आहे.

१११ म्हणजे उंबरठा. तो ओलांडला की मुलगा ग्रामरसाठी पात्र ठरतो, जागा ठरत नाही. पात्र मुलं जागांपेक्षा जास्त असतात. मग प्रत्येक शाळा आपले निकष लावते. लँग्ली, हर्शेल, अप्टन कोर्ट आणि सेंट बर्नार्ड्स या चारही शाळांची परीक्षा एक, पण निकष चार तऱ्हांचे. सेंट बर्नार्ड्स कॅथलिक शाळा आहे, तिथे धर्माचा भाग येतो. बाकीच्यांचे निकष एकेका शाळेच्या पानावर जाऊन शब्द न् शब्द वाचा: अंतर कुठून मोजतात, भावंडांना कुठे धरतात, कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना कुठे आधी घेतात.

दुसरं, शेजारचं बकिंगहॅमशायर वेगळं. त्यांची परीक्षा वेगळी आणि पात्रतेचा आकडा १२१. तुमचे ११४ तिथे चालत नाहीत, आणि तिथले १२१ स्लाऊला चालत नाहीत. दर वर्षी कुणीतरी हा घोळ घालतंच.

निकाल ऑक्टोबरमध्ये लावतात तो मुद्दामच, फॉर्मच्या मुदतीआधी हातात असावा म्हणून. तेव्हा ग्रामर हव्या तितक्या लिहा, वरच लिहा, पण सगळे रकाने ग्रामरने भरू नका. ११४ वाल्या मुलाला १ मार्चला, शाळा कळतात त्या दिवशी, एकही ग्रामर मिळाली नाही आणि दोन मैलांतल्या चांगल्या कॉम्प्रिहेन्सिव्ह (परीक्षेशिवाय प्रवेश देणाऱ्या) शाळा फॉर्मवरच नव्हत्या, अशा आया माझ्यासमोर बसून रडल्या आहेत. त्यांना द्यायला माझ्याकडे टिश्यूंचा डबा असायचा, सीट नसायची.

मुलगा-सून जानेवारीत मिल्टन कीन्सला जाणार आहेत. नातू इथे पाचवीत आहे, जुलैत दहा पूर्ण झाली. तिथे पाचवीतच बसेल ना? डोनेशन साधारण किती धरावं? मुलाखतीची तयारी आत्तापासून करून घेऊ का? तो जरा बुजरा आहे.
– एक आजी, कोथरूड, पुणे

आजी, डोनेशन शून्य. सरकारी खर्चाच्या शाळेत प्रवेशासाठी पैसे मागणं कोडमध्ये सरळ निषिद्ध आहे. मुलाखतही निषिद्ध, वसतिगृहाच्या शाळा सोडून. प्रगतिपुस्तकातले शेरे किंवा हजेरी बघून प्रवेश ठरवणंही निषिद्ध. तेव्हा नातवाला बुजरा राहू द्या.

इयत्ता मात्र इथे वयावर ठरते, मागची इयत्ता कुठली झाली यावर नाही. ३१ ऑगस्टला दहा पूर्ण असलेलं मूल इयर सिक्समध्ये. म्हणजे तो प्रायमरीच्या शेवटच्या वर्गात येऊन बसणार आणि सप्टेंबरमध्ये लगेच सेकंडरीत, इयर सेव्हनमध्ये. खरी अडचण इथे आहे, आणि पुण्याहून ती दिसत नाही. सेकंडरीच्या फॉर्मची मुदत ३१ ऑक्टोबर. तुमची मंडळी जानेवारीत उतरणार. म्हणजे उतरल्यावर त्यांना दोन अर्ज करायचे आहेत.

पहिला, आत्ताच्या इयर सिक्समधल्या जागेसाठी. याला इन-इयर अर्ज म्हणतात. तो कौन्सिलकडे करायचा की शाळेकडे, हे जागेनुसार बदलतं, पण उत्तर शाळेच्या १५ दिवसांत यायलाच हवं.

दुसरा, सप्टेंबरच्या सेकंडरीसाठी. तो उशिरा आलेला धरला जाईल आणि वेळेवरच्या अर्जांचं वाटप झाल्यावर उघडला जाईल. मात्र नुकतंच या भागात राहायला आलोय, असा पुरावा दिला तर काही कौन्सिलं एका ठरावीक तारखेपर्यंतचा अर्ज वेळेवरचा मानतात. ही तारीख मुलाने मिल्टन कीन्सच्या प्रवेशयोजनेत आत्ताच शोधून ठेवावी. सुनेने घराचा भाडेकरार, नातवाचा जन्मदाखला आणि पासपोर्ट हातातल्या बॅगेत ठेवावा, कार्गोत नाही.

डिपेंडंट व्हिसावर आलेल्या मुलाला सरकारी शाळेचा हक्क आहे. व्हिजिटर व्हिसावर नाही. तुम्ही भेटायला जाल तेव्हा धाकट्या नातीला महिनाभर शाळेत बसवू, असं काही मनात असेल तर सोडून द्या.

हवी त्या शाळेत शेवटचं मूल ०.६ मैलांवरून घेतात. आम्ही १.४ वर आहोत. भावजीचं घर शाळेच्या मागच्या गल्लीत आहे. तिथला पत्ता दिला तर कोण बघतंय?
– नाव नको

मी बघत होते.

एकाच दोन खोल्यांच्या फ्लॅटवरून तीन वेगवेगळ्या आडनावांची मुलं एकाच वर्षी अर्ज करतात तेव्हा ते दिसायला चष्मा लागत नाही. कौन्सिल टॅक्सची नोंद शेजारच्याच विभागात असते. शिवाय शाळेच्या फाटकात उभ्या असलेल्या, स्वतःच्या मुलाला जागा न मिळालेल्या आयांना सगळं माहीत असतं आणि त्या फोन करतात. खोटा पत्ता देऊन मिळवलेली जागा काढून घेता येते. मूल आठवडाभर नव्या गणवेशात जाऊन आलेलं असलं तरी.

खरोखर तिथे राहायला जायचं असेल तर जरूर जा. घर बदलणं गुन्हा नाही. काही कौन्सिलं भाड्याच्या तात्पुरत्या घराकडे संशयाने बघतात, विशेषतः मूळचं घर तुमच्याच मालकीचं आणि रिकामं असेल तर. तेव्हा त्यांचा नियम वाचून मगच करारावर सही करा.

बरोची हद्द आड येते असं मात्र समजू नका. १९८९ च्या ग्रिनिच निकालापासून कुठल्याही कौन्सिलला 'आधी आमच्या हद्दीतली मुलं' असं म्हणता येत नाही. तुमच्या घरापासून अर्ध्या मैलावरची शाळा पलीकडच्या बरोची असली तरी अंतराच्या रांगेत तुम्ही सगळ्यांच्या बरोबरीने उभे असता. माझ्या मते अंतराचा निकष गरिबाच्या फार बाजूचा नाही. चांगल्या शाळेभोवतीची घरं कोण घेतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. ब्रायटनने २००८ मध्ये ठरावीक भागातल्या अर्जांत बरोबरी झाली की सोडत काढायला सुरुवात केली. आपल्याकडे महाराष्ट्रात आरटीईच्या २५ टक्के जागांची काढतात तशीच. खूप आरडाओरड झाली. मला ती पद्धत जास्त सरळ वाटते.

प्रायमरी आणि सेकंडरी एकाच कुंपणात आहेत, नावही जवळपास सारखंच. तरी फॉर्म भरायचा?
– एक आई, रेडिंग

भरायचा. तीन ते अठरा वर्षांपर्यंतची खरोखर एकच शाळा असेल तर वेगळी गोष्ट. कुंपण एक असून शाळा दोन असतील तर फॉर्म लागतोच. तुमची प्रायमरी त्या सेकंडरीच्या निकषांत 'फीडर' (जिथली मुलं आधी घेतात ती प्रायमरी) म्हणून नावानिशी लिहिली आहे का, तेवढं बघा. नसेल तर शेजाराचा उपयोग शून्य.

गेल्या १ मार्चला यादीतली शेवटची शाळा आली. रागाच्या भरात ती नाकारणार होतो, बायकोने थांबवलं. आता मुलगी तिथेच जाते आहे, पण पहिल्या शाळेच्या वेटिंग लिस्टवर नाव आहे. त्याचा काही उपयोग? पुढच्या वर्षी धाकटा आहे, तेव्हा अपील करायचं म्हटलं तर?
– एक वडील, मिल्टन कीन्स

वहिनींचे आभार माना. मिळालेली शाळा घेतल्याने वेटिंग लिस्टवरचा नंबर खाली जात नाही आणि नाकारल्याने वर सरकत नाही. नाकारली असती तर हातात काहीच नसतं, आणि कौन्सिल म्हणालं असतं, आम्ही दिली होती.

यादी ३१ डिसेंबरपर्यंत ठेवणं बंधनकारक आहे. ती आधी आला तो आधी अशी चालत नाही, निकषांवर चालते. म्हणून एखादं कुटुंब शाळेशेजारी राहायला आलं तर तुम्ही चौथ्यावरून पाचव्यावर जाता. त्यात कुणी काही चोरलेलं नसतं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, खासगी शाळेत गेलेल्या मुलांच्या जागा सुटतात तेव्हा, यादी जरा पळते.

अपील स्वतंत्र पॅनेलपुढे असतं, किमान तीन माणसं, आणि त्यांचा निर्णय शाळेला पाळावाच लागतो. पत्र मिळाल्यापासून किमान शाळेचे २० दिवस अर्जासाठी मिळतात. पॅनेलने बघायचं असतं ते असं: निकष बरोबर लावले का, आणि लावले असतील तर आणखी एक मूल घेतल्याने शाळेचं होणारं नुकसान मोठं की न घेतल्याने तुमच्या मुलाचं. 'ऑफस्टेडने (शाळा तपासणाऱ्या सरकारी संस्थेने) चांगलं म्हटलं आहे' आणि 'सगळे मित्र तिथे आहेत' ही दोन वाक्यं त्यांनी त्याच सकाळी बरीच ऐकलेली असतात. मुलाला काय लागतं आणि ते याच शाळेत का आहे, हे डॉक्टरच्या किंवा शिक्षकांच्या पत्रासह सांगा. दहा मिनिटांत. रडू आलं तर येऊ द्या, पण कागद आधी द्या.

आम्ही लंडनहून एडिंबराला आलो. इथे कुणीच फॉर्मबद्दल बोलत नाही. आमचं काही चुकतंय का?
– एक आई, एडिंबरा

नाही. स्कॉटलंडमध्ये घराच्या पत्त्यावरून कॅचमेंट शाळा, म्हणजे त्या भागाची ठरलेली शाळा, ठरते आणि प्रायमरी सेव्हनमधून, प्रायमरीच्या शेवटच्या वर्गातून, मूल सहसा तिथेच जातं. दुसरी हवी असेल तरच प्लेसिंग रिक्वेस्ट करायची, ऑगस्टच्या प्रवेशासाठी १५ मार्चपर्यंत. उत्तर ३० एप्रिलपर्यंत येतं. लंडनचा गट मात्र म्यूट करून टाका.