आजोबांच्या मेडलवर व्हिक्टोरिया राणी कशी? आणि अशी मेडलं जमवायची तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. आजोबा 1908 सालचे, रेल्वेत फिटर. त्यांच्या ट्रंकेत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या रिबिनीचं एक चांदीचं मेडल निघालं, त्यावर व्हिक्टोरिया राणी. राणी तर 1901 मध्येच गेली. मग मेडल आजोबांचं नव्हेच का, कुठून विकत आणलेलं का, की साफ नकली? शिवाय रेड क्रॉस, सेंट जॉन ॲम्ब्युलन्स (प्रथमोपचार शिकवणारी संस्था) अशा संस्थांची मेडलं जमवायचा नाद तुम्हाला लागू पाहतोय, तर काय बघून घ्यावं, आणि कायद्याची काही आडकाठी आहे का.

आधी आजोबांना संशयातून सोडवू. तुम्ही लिहिलेली रिबिन आणि चेहरा सेंट जॉनच्या सेवापदकाचा आहे. हे पदक 1898 मध्ये ठरलं आणि 1899 पासून मिळू लागलं. तेव्हा गादीवर व्हिक्टोरिया होती, म्हणून तिचा चेहरा आला. पुढे एडवर्ड आला, जॉर्ज आले, एलिझाबेथ आली. बाकीच्या मेडलांवरची तोंडं राज्यागणिक बदलत गेली, या एका मेडलावरची राणी कुणी हलवली नाही. त्यामुळे 1905 चं असो की 1945 चं, चेहरा तोच. बाजारात ‘सव्वाशे वर्षांपूर्वीचं, राणीच्या काळातलं’ म्हणून हे मेडल गळ्यात मारणारे भेटतात. त्यातले काही खोटं बोलत नसतात, त्यांनाही खरंच तसं वाटत असतं.

आता हिशेब करा. ब्रिटनमध्ये या मेडलला मुळात पंधरा वर्षांची सेवा लागायची, आणि पुढच्या दर पाच वर्षांना रिबिनीवर एक पट्टी चढायची. तोच नियम धरला आणि आजोबा विशीत सेंट जॉनमध्ये भरती झाले धरले तर पंधरा वर्षं 1943च्या आसपास भरतात. 1947 पर्यंत हे मेडल चांदीचं असे, नंतर साध्या धातूवर चांदीचा मुलामा आला. तुमचं चांदीचं आहे म्हणता, म्हणजे हिशेब जुळतो. पण हा झाला अंदाज. पुरावा मेडलाच्या कडेवर असतो आणि तुम्ही फोटो काढलेत ते सगळे पुढून आणि मागून. कड एकाही फोटोत नाही.

माझी नोकरी ग्वाल्हेरच्या एजी ऑफिसातली, म्हणजे महालेखापालांच्या कचेरीतली. तीस वर्षं दुसऱ्यांची व्हाउचरं तपासली. त्या खोडीपायीच या छंदात पडलो, असं आमची ही म्हणते. एकदा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या सराफ्यात मंगळसूत्राची वाटी बदलायला गेलो होतो. दुकानदार मोडीची चांदी तोलत होता. पैंजण, अत्तरदाणीचं झाकण, देवाचा एक चेपलेला पाय, आणि त्यात तुमच्यासारखंच एक मेडल, रिबिन नसलेलं. मी उचललं तसा तो म्हणाला, ‘‘साहब, चाँदी तो चाँदी है, रानी हो या पायल.’’ दाराशी उजेडात नेऊन अंगठ्याने कड फिरवत गेलो. काळ्या मळात आधी नुसत्या रेघा दिसल्या. मग एक नाव सापडलं, आडनाव आपल्यातलं. मग हुद्दा. आणि शेवटी ठिपके देऊन तीन अक्षरं: जी. आय. पी. ग्रेट इंडियन पेनिन्शुला, म्हणजे आमच्याच लाइनवरचा माणूस. कारखान्यात बोट कापलेल्या हमालाला पट्टी बांधणारा, फलाटावर मूर्च्छा आलेल्या बाईचं डोकं मांडीवर घेणारा कुणीतरी. दुपारी चार वाजता तो मुशीत जाणार होता. वजनाच्या दीडपट भाव देऊन मेडल घेतलं. मंगळसूत्राचं काम राहून गेलं ते निराळं.

तेव्हापासून माझा एकच नियम. मेडल समोरून बघायचं नाही, कडेवरून वाचायचं.

आणि हा नियम नुसता हौसेचा नाही, भावाचाही आहे. कैसर-ए-हिंद घ्या. 1900 मध्ये सुरू झालं, 1947 ला बंद पडलं, लोकसेवेसाठी मिळायचं, आणि जमवणाऱ्यांत त्याचा फार बोलबाला. पंडिता रमाबाईंना 1919 मध्ये मिळालं. गांधीजींना 1915 मध्ये सोन्याचं मिळालं आणि 1 ऑगस्ट 1920 च्या पत्राबरोबर त्यांनी ते व्हाइसरॉयला परत धाडलं. त्याच पत्रातून आणखी दोन मेडलं परत गेली, बोअर युद्धाचं आणि झुलू युद्धाचं, आणि ती दोन्ही जखमींना उचलणाऱ्या भारतीय तुकड्यांच्या कामाची होती. आपल्या देशातल्या सगळ्यात प्रसिद्ध परत केलेल्या मेडलांतली दोन ॲम्ब्युलन्सच्या कामाची आहेत, हे शाळेत कुणी सांगत नाही. तर मुद्दा असा की कैसर-ए-हिंदवर बहुतेक वेळा नाव नसतं. सोबत सनद नसेल तर तो एक सुंदर, मुका दागिना. ब्रिटिश रेड क्रॉसचं 1914–1918 चं युद्धसेवा पदक तेही तसंच, बिननावाचं. त्याच्यापुढे तुमच्या आजोबांचं मेडल गरीब दिसेल, पण ते बोलतं.

सुरुवात करायची तर मी म्हणेन सेंट जॉनपासूनच करा, आणि त्यातही मोठ्या मेडलापेक्षा छोट्या तांब्याच्या बिल्ल्यांपासून. त्यांची शिडी अशी असते. प्रथमोपचाराची परीक्षा पास झालात की सर्टिफिकेट. पुढच्या वेळी पुन्हा पास झालात की व्हाउचर. (हो, व्हाउचरच! हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला आपल्या घरी आल्यासारखं वाटलं.) तिसऱ्यांदा पास झाल्यावर मेडॅलियन, आणि त्यानंतर प्रत्येक परीक्षेला एकेक लेबल. जुन्या मेडॅलियनच्या पाठीवर नंबर आणि धारकाचं नाव कोरलेलं असतं. लेबलं म्हणजे सालाच्या पट्ट्या, त्या ओळीने लावलेल्या असल्या तर माणसाने किती वर्षं न चुकता परीक्षा दिली ते सरळ मोजता येतं. माझ्याकडे एक आहे, त्यात मधली दोन सालं गायब आहेत आणि पुन्हा ओळ सुरू होते. बदली, आजारपण, लग्न, काय झालं असेल ते तुम्ही ठरवा. मी त्या रिकाम्या जागेसाठीच ते घेतलं.

ही शिडी रेल्वेत अजून चालू आहे, म्हणून हा माल रेल्वेच्या घरांतून निघतो. आमच्याकडे झाशी जवळ, तिथला कारखाना जुना. पण दुकानं पालथी घालण्यापेक्षा ओळखीच्या निवृत्त गार्ड, फिटर, ड्रेसर मंडळींकडे चहाला जा. घ्यायला नका जाऊ, बघायला जा. घरचं कुणी जिवंत असेल आणि आठवण सांगत असेल तर मेडल मागू नये, आठवण लिहून आणावी. हे माझं मत. बरेच जमवणारे यावर मला हसतात.

आता फसवणुकीचं थोडं. तारखेचा चकवा फक्त राणीपुरता नाही. जपानी रेड क्रॉसची चांदीची सभासद-पदकं जगभरच्या बाजारात ढिगाने मिळतात. त्यांच्या पाठीवर मेइजी 21, म्हणजे 1888, असं साल असतं. ते पदक ठरल्याचं साल आहे, दिल्याचं नव्हे. तेच साल छापून पुढे कित्येक वर्षं ती दिली गेली, आणि तीही सेवेबद्दल कमी, सभासद होऊन पैसे भरल्याबद्दल जास्त. विकणारा मात्र 1888 चे पैसे मागतो.

ओतीव नक्कल ओळखायची तर अक्षरांची धार बघा. ओतताना धातू आवळतो, म्हणून नक्कल अस्सलापेक्षा केसभर लहान निघते आणि अक्षरं साबणासारखी बोथट दिसतात. व्हर्निअर कॅलिपर खिशात ठेवा, शेजारी एक खात्रीचं मेडल ठेवा, दोन्ही मोजा. दुसरी लबाडी नाव बदलण्याची. जुनं नाव घासून नवं कोरलं की कड सपाट होते, व्यास घटतो, आणि बोट फिरवलं तर एका जागी उतार लागतो. हे डोळ्यांपेक्षा बोटाला लवकर कळतं.

आणि कृपा करून घासू नका. माझ्या एका मावशीने दिवाळीच्या आवराआवरीत तिच्या सासऱ्यांचं मेडल दंतमंजनाने चकचकीत केलं. राणी उजळली, सासऱ्यांचं आडनाव अर्धं गेलं. चांदीवरचा काळेपणा हे मेडलाचं कातडं समजा. रबरबँड लावू नका, लोकरीच्या कपड्यात किंवा फेल्टच्या डबीत ठेवू नका, त्यातलं गंधक चांदी काळी करतं. मऊ चिकट प्लास्टिकच्या पाकिटातही नको, त्याने तांब्यावर हिरवा थर चढतो. रिबिन फाटकी असली तरी तीच राहू द्या. नवी विकत मिळते, जुनी मिळत नाही.

कायद्याचं विचारलंत म्हणून. घरी जमवायला आडकाठी नाही. पण शंभर वर्षांवरची वस्तू 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि ती खाजगी माणसाला परदेशी धाडता येत नाही, तेव्हा परदेशातला कुणी ‘पार्सल करा’ म्हणाला तर आधी साल तपासा. दुसरं, लाल क्रॉसचं चिन्ह 1960 च्या जिनिव्हा करार कायद्याने राखीव आहे. मेडलावर आहे ते असू द्या, ते तुमच्या कपाटाच्या दारावर किंवा व्हिजिटिंग कार्डावर रंगवू नका. दवाखान्याच्या पाट्यांवर सर्रास दिसतं, तरीही नका.

इथे ग्वाल्हेरात मेडल म्हटलं की लोक वेगळंच काढून दाखवतात. ग्वाल्हेर स्टार. 29 डिसेंबर 1843 ला एकाच दिवशी महाराजपूर आणि पनिहारला आपण हरलो. इंग्रजांनी आपल्याच पकडलेल्या तोफा वितळवून त्यांच्या शिपायांसाठी तो तारा केला. मी तो कधी घेतला नाही. परवडत नाही हे एक कारण, दुसरं तुम्हाला सांगायला नको. त्याच गावाची दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. 1914 मध्ये माधवराव शिंद्यांनी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ नावाचं जहाज घेऊन त्याचं जखमी हिंदी शिपायांसाठी इस्पितळ-जहाज केलं आणि नाव ठेवलं ‘लॉयल्टी’. युद्ध संपल्यावर ते वालचंद हिराचंदांच्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशनने घेतलं, आणि 5 एप्रिल 1919 ला ते मुंबईहून लंडनला निघालं. राष्ट्रीय सागरी दिन त्या तारखेचा. त्या जहाजावर कुणी मलमपट्टी केली, त्यांतल्या एकाचंही नाव कडेवर असलेलं काही मिळालं तर मी मंगळसूत्र गहाण टाकीन. हिने हे वाचू नये.

भारतीय रेड क्रॉस 1920 च्या कायद्याने उभी राहिली. त्याआधी महायुद्धात तेच काम सेंट जॉनची इथली शाखा आणि ब्रिटिश रेड क्रॉस मिळून करत होत्या, म्हणून जुन्या कागदांत दोन्ही नावं गुंतलेली दिसतात. आजही दिल्लीत दोघांचं मुख्यालय एकाच आवारात आहे. रेड क्रॉसच्या राज्य आणि जिल्हा शाखांचे सभासदांचे बिल्ले, शाळेतले ज्युनिअर रेड क्रॉसचे बिल्ले, रक्तदानाच्या पिना हेही ठेवा. भाव शून्य आहे, म्हणूनच आत्ता ठेवा. पिनेबरोबर रक्तदात्याचं कार्ड असेल तर दोन्ही एकत्र शिवा. पीन एकटी फिरायला लागली की तिचा पत्ता गेला.

आता तुम्ही एवढं करा. मेडल पांढऱ्या कागदावर उभं धरा, टेबल लॅम्प बाजूला ठेवा, समोर नको, म्हणजे अक्षरांना सावली पडेल. कड थोडी थोडी फिरवत सात-आठ फोटो घ्या. आजोबांचं नाव निघालं तर ठीकच. दुसऱ्याच कुणाचं निघालं तर घाबरून जाऊ नका. रेल्वेच्या चाळीत माणसं एकमेकांच्या ट्रंकांत वस्तू सांभाळायला ठेवत. त्या ट्रंकेत तळाला अंथरलेला कागद आहे ना, तो काढण्याआधी त्याचाही एक फोटो घ्या. माझ्याकडची दोन सर्टिफिकेटं अशीच सापडली, उलटी घालून अंथरलेली.