बँकेने आगीचा विमा उतरवून घेतला; तेवढा पुरेसा आहे का?

प्रश्न : माझा छपाई व पुस्तकबांधणीचा लहान कारखाना असून सहा कामगार आहेत. यंत्रासाठी कर्ज देताना बँकेने आगीचा विमा उतरवून घेतला. आता विमा प्रतिनिधी आणखी चार-पाच पॉलिसी सुचवीत आहेत. त्यांतील खरोखर आवश्यक कोणत्या?

उत्तर : नवी पॉलिसी घेण्यापूर्वी हाती असलेली पॉलिसी काढून वाचावी. बँकेच्या आग्रहाने उतरवलेला विमा प्रथम बँकेच्या कर्जाची काळजी घेतो. दाव्याच्या रकमेवर पहिला हक्कही सामान्यतः तिचाच असतो. विमा रक्कम कर्जाच्या आकड्याएवढीच ठेवली असेल, तर ती यंत्रे आणि माल यांच्या खऱ्या किमतीहून कमी असण्याचा संभव आहे, आणि त्याचा फटका सर्वस्व जळाले तरच बसतो असे नाही. समजा, ऐवज २० लाखांचा, विमा १२ लाखांचा आणि नुकसान ५ लाखांचे आहे. पॉलिसीत ‘ॲव्हरेज क्लॉज’ (अपुऱ्या विम्याच्या प्रमाणात भरपाईही कमी करणारे कलम) असेल, तर विमा ६० टक्केच असल्यामुळे भरपाईही ६० टक्के, म्हणजे ३ लाख मिळते. ग्राहकांनी छपाईसाठी आणून दिलेला कागद आपल्या मालकीचा नसल्याने पॉलिसीत त्याचा स्वतंत्र उल्लेख आहे का, तेही पाहावे. छपाईच्या धंद्यात हे हमखास राहून जाते.

यानंतर कामगारांचा विमा. कामावर असताना झालेल्या इजेची भरपाई देण्याचे दायित्व बहुतेक देशांत कायद्यानेच मालकावर असते, त्यामुळे येथे निवडीला फारसा वाव नाही.

आगीचा विमा जळालेल्या यंत्राचे पैसे देतो. पण ते बंद असताना बुडालेले उत्पन्न देत नाही. भाडे, पगार आणि कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहतात. त्यासाठी धंदा बंद पडल्याने होणाऱ्या नुकसानीचा वेगळा विमा असतो आणि माझ्या मते प्रतिनिधींच्या यादीतील सर्वांत दुर्लक्षित, तरीही सर्वांत उपयोगी गोष्ट हीच आहे. तो सहसा मालमत्तेच्या विम्याला जोडून मिळतो. त्यातील भरपाईचा कालावधी ठरवताना नवे यंत्र येण्यास लागणारा वेळच नव्हे, तर दुसरीकडे गेलेले ग्राहक परत येईपर्यंतचा काळही धरावा. यंत्र आतल्या आत बिघडले, तर मात्र आगीचा विमा किंवा त्याला जोडलेला हा विमा सहसा उपयोगी पडत नाही. त्यासाठी यंत्रबिघाडाचा विमा निराळा असतो.

कारखान्यात आलेल्या तिऱ्हाइताला इजा झाल्यास सार्वजनिक दायित्वाचा विमा लागतो. ये-जा बरीच असेल, तर तो घ्यावा. चुकीच्या सल्ल्यासाठीचा व्यावसायिक दायित्व विमा प्रामुख्याने सल्लागार, लेखापाल, वास्तुरचनाकार अशांसाठी आहे. आपल्याला तो तूर्त नको. ग्राहकांची माहिती संगणकावर साठवत नसाल, तर सायबर विमाही थांबू शकतो.

हप्ता परवडत नसेल, तर विमा रक्कम कमी करू नये. त्याऐवजी प्रत्येक दाव्यात स्वतः सोसायची रक्कम थोडी वाढवून घ्यावी, म्हणजे किरकोळ नुकसान आपण भरतो आणि धंदा बुडवू शकेल असे मोठे नुकसान विमा कंपनीवर राहते. ज्वलनशील द्रावणे आवारात ठेवत असाल, तर ते लेखी कळवावे. दडवलेल्या माहितीवरून दावा नाकारला जाऊ शकतो.